नफा नाही, मग पगार कुठून?

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. आहे. दोन वर्षे तिने एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम केले. आता नंदुरबार जिल्ह्यात काम करणाऱ्या एका सामाजिक संस्थेने तिला नोकरी देऊ केली आहे आणि ती जायचेच म्हणते. संस्था नफा कमावत नाही, मग पगार कुठून देणार? लोकांच्या देणगीतून पगार घेणे बरे दिसते का? आणि दहा वर्षांनी तिचे काय? घरात रोज हाच विषय चालू आहे. कृपया उलगडून सांगावे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. पैसा येतो कुठून, तो पगार म्हणून घेणे योग्य का, आणि या नोकरीला पुढे वाट आहे का. याच विषयावर इतर वाचकांचीही पत्रे आली आहेत, म्हणून सगळ्यांची उत्तरे ओळीने देतो. या पत्रात पहिली शंका सोडवू.

कायद्याने अशा संस्थेला उत्पन्न मिळवायला किंवा वर्षअखेर शिल्लक ठेवायला बंदी केलेली नाही. बंदी आहे ती शिल्लक वाटून घ्यायला. कंपनीत उरलेला पैसा लाभांश म्हणून भागधारकांकडे जाऊ शकतो. संस्थेत तो विश्वस्तांना किंवा सभासदांना घेता येत नाही, संस्थेच्या उद्देशासाठीच वापरावा लागतो. पगार या शिल्लकीतून दिला जात नाही. शिल्लक काढण्याआधीच तो खर्चाच्या बाजूला पडलेला असतो, कार्यालयाच्या भाड्याच्या आणि गाडीच्या डिझेलच्या शेजारी. तुमची मुलगी हिशेबातली आहे. हा फरक ती तुम्हाला उत्पन्न-खर्चाचे पत्रक उघडून दाखवू शकेल.

महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याचबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे, नोंदलेल्या असतात. काही संस्था २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खाली नोंदणी करतात. कायदा कोणताही असो, कामाचा वाजवी मोबदला देण्याची मुभा सगळीकडे आहे. आयकर खात्याची नजर दोन गोष्टींवर असते. करसवलत हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नापैकी साधारण ८५ टक्के रक्कम उद्देशासाठी खर्च झाली पाहिजे. आणि विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना अवाजवी पगार दिला तर ती सवलत धोक्यात येते. ही करसवलत संस्थेला असते, कर्मचाऱ्याला नसते. संस्थेतल्या पगारावर इतर कोणत्याही पगाराइतकाच आयकर लागतो. याबद्दल अनेकांचा गैरसमज असतो.

आता पैशाचे मार्ग. पहिला अर्थातच देणग्यांचा. दुसरा कंपन्यांच्या सीएसआरचा. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत पोचतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. २०२२-२३ या एका वर्षात देशातल्या कंपन्यांनी या खात्यावर सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च केले, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळत आला आहे. हे सगळे पैसे संस्थांच्या हातून खर्च होत नाहीत. तरी गेल्या दहा वर्षांत संस्थांमधल्या नोकऱ्या ज्या कारणांनी वाढल्या, त्यात हे एक मोठे कारण आहे.

तिसरा मार्ग सरकारी योजनांचा. बचत गट, पाणलोट, पोषण, शिक्षण अशा कामांत सरकार संस्थांना अंमलबजावणीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी नेमते. चौथा परदेशी निधीचा. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पाचवा मार्ग स्वतःच्या उत्पन्नाचा. दवाखान्याची माफक फी, प्रशिक्षणाचे शुल्क, बचत गटांच्या मालाची विक्री हे सगळे त्यात येते.

थोडक्यात, पगार निधीतून येतो आणि प्रत्येक निधीला आपापल्या अटी व मुदत असते. नोकरीच्या स्थैर्याचा प्रश्न याच मुदतीशी जोडलेला आहे. तो पुढे घेतो.

प्रश्न : आम्ही दरवर्षी एका संस्थेला देणगी देतो. यंदा त्यांचा अहवाल वाचला तर मोठा खर्च पगारांवर दिसला. मग मुलांपर्यंत काय पोचले? खरी सेवा विनामूल्यच असायला हवी ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अहवाल इतक्या काळजीने वाचणारे देणगीदार कमी असतात, म्हणून आधी तुमचे कौतुक. आता शंका. सेवा म्हणजे विनावेतन काम, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. पण महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास तिला दुजोरा देत नाही.

१८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे सेवा करण्याचे बांधून घेतले होते आणि त्या बदल्यात त्यांना दरमहा ७५ रुपये मिळत. गोपाळ कृष्ण गोखले या पगारावर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. या सदस्यांनी बाहेर कमाई करावी की नाही, यावर तेव्हाही कडाक्याचे वाद झाले. लोकमान्य टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागच्या मतभेदांत हा एक मुद्दा होता. त्या मंडळींनी त्यागाची भाषा जरूर केली. पण पोट भरण्याची व्यवस्था संस्थेनेच लावली पाहिजे, हे त्यांनी पहिल्यापासून मान्य केले होते. माणसाने वीस वर्षे एका कामाला वाहून घ्यावे असे वाटत असेल, तर त्याचे घर चालले पाहिजे, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

आता मुलांपर्यंत काय पोचले, याकडे येऊ. अनेक सामाजिक कामांत माणूस हाच कार्यक्रम असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिथे इस्पितळ बांधले नाही. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे, ही कामे त्या घरोघर जाऊन करत. तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत हे काम देशभर सुरू झाले. या प्रयोगाच्या हिशेबातून आरोग्यदूतांचा मोबदला, त्यांचे प्रशिक्षण आणि देखरेख करणाऱ्यांचा पगार काढून टाकला तर उरतात वजनकाटे आणि औषधांच्या पेट्या. त्या आपोआप कोणत्याही घरी जात नाहीत.

शिक्षणात हेच दिसते. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणींना 'बालसखी' म्हणून नेमले. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांचा छोटा गट घेऊन त्या रोज सुमारे दोन तास वाचन आणि गणित पक्के करून घेत. मुंबई आणि वडोदऱ्यात झालेल्या पाहणीत मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. ती पाहणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बालसखीला दिलेला पैसा मुलापर्यंत पोचला की नाही? तो तिच्या रूपानेच पोचला.

म्हणून अहवाल वाचताना पगारांचा एकूण आकडा पाहून थांबू नका. पगार कोणाचे, ते पाहा. दवाखान्यातली परिचारिका, वर्गातली शिक्षिका, पाड्यावर जाणारा कार्यकर्ता यांचा पगार हा प्रत्यक्ष कामाचा खर्च आहे. कायदाही हेच मानतो. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आणली गेली. पण त्या नियमांतही इस्पितळातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरलेला नाही. सीएसआरमधली पाच टक्क्यांची मर्यादाही अशीच चुकीची समजली जाते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चावर आहे, संस्थेच्या पगारांवर नाही.

उरला कार्यालयातला खर्च. हिशेबनीस, मनुष्यबळ पाहणारा, माहिती गोळा करून तपासणारा, हे लोक नसतील तर पैसा कुठे गेला हे सांगायलाच कोणी उरणार नाही. तुम्ही जो अहवाल वाचलात, तोही कोणीतरी पगार घेऊनच तयार केला आहे आणि तो चांगला झाला म्हणून तर तुम्हाला प्रश्न विचारता आला.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. माझ्याकडे एमएसडब्ल्यू नाही. तरी या क्षेत्रात येता येईल का? की आधी दोन वर्षे ती पदवी करावी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : एमएसडब्ल्यू ही चांगली पदवी आहे, पण या क्षेत्राचे ते एकमेव दार नाही. कोणत्या कामाला ती लागते आणि कोणत्या नाही, हे समजले की तुमचा निर्णय सोपा होईल.

समुपदेशन, इस्पितळातले समाजसेवा विभाग, बालसंरक्षण, कुटुंबातले कलह, व्यसनमुक्ती अशा कामांत माणसाशी थेट बोलून त्याला सावरायचे असते. तिथे प्रशिक्षण नसेल तर चांगल्या हेतूनेही इजा होऊ शकते. म्हणून तिथे समाजकार्याची किंवा मानसशास्त्राची पदवी मागतात आणि ते योग्यच आहे. या शिक्षणाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. देशातले समाजकार्याचे पहिले शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. तीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. तुळजापूरला तिचे ग्रामीण केंद्र १९८६ पासून आहे. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ चे, तर पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची.

बाकी बहुतेक कामांत संस्थेला विषय जाणणारा माणूस हवा असतो. उरुळीकांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी सुरू केलेल्या 'बाएफ'चे काम शेतकऱ्याच्या दारी गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन करण्यापासून वाढत गेले. तिथे पशुवैद्यक आणि कृषी पदवीधर लागतात. पाणलोटाचे काम करणाऱ्या 'वॉटर' सारख्या संस्थेला स्थापत्य अभियंते, भूगर्भ जाणणारे आणि नकाशे करणारे लागतात. हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांना वकील हवे असतात. तुमच्यासारख्या यंत्र अभियंत्याला पाणीपुरवठा, सौर पंप, शेतीची अवजारे, धान्यप्रक्रिया अशी कामे आहेत.

पदवीचा अभाव अडथळा ठरतोच असेही नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केले, त्यांतल्या अनेकजणी शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. त्यांनी बाळंतपणे केली, कुष्ठरोग आणि क्षयाचे रुग्ण शोधले, आणि पुढे देशोदेशींच्या लोकांनी जामखेडला येऊन हे काम समजून घेतले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अंदाज घ्यायचा असेल तर फेलोशिपचा मार्ग बरा. 'टीच फॉर इंडिया'ची फेलोशिप दोन वर्षांची असते. तिची पहिली तुकडी २००९ मध्ये पुण्या-मुंबईतल्या शाळांत गेली. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' २०११ पासून सुरू आहे. तिच्यात तेरा महिने खेड्यात राहून एखाद्या संस्थेबरोबर काम करायचे असते. नोकरी न बदलता विचार पक्का करायचा असेल तर 'सर्च'ची 'निर्माण' शिबिरे २००६ पासून तरुणांसाठी चालतात. फेलोशिप संपल्यावर तुम्हाला कळेल की आपल्याला हे काम आवडते की फक्त त्याची कल्पना आवडत होती. हे लवकर कळलेले केव्हाही चांगले.

प्रश्न : माझा भाऊ तीन वर्षांपासून एका संस्थेत तालुका समन्वयक आहे. दर मार्चमध्ये घरात धाकधूक असते की प्रोजेक्ट पुढे चालू राहील की नाही. या क्षेत्रात करिअर असे काही असते का?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : असते. पण ते कंपनीतल्या किंवा सरकारी नोकरीतल्या करिअरसारखे चढत नाही, म्हणून पटकन ओळखू येत नाही.

मार्चची धाकधूक खरी आहे आणि तिचे कारण आपण वर पाहिले. निधी बहुधा एक ते तीन वर्षांसाठी मंजूर होतो. त्यामुळे नेमणुकाही तेवढ्याच मुदतीच्या होतात. देणगीदाराने विषय बदलला, कंपनीने दुसरा जिल्हा निवडला किंवा सरकारी हप्ता लांबला, तर आधी त्याचा फटका कर्मचाऱ्याला बसतो. हे कर्मचाऱ्याच्या कामाचे मोजमाप नसते. पण घरातल्यांना ते तसे वाटते आणि हळूहळू त्यालाही वाटू लागते. तुमच्या भावाला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

यावर दोन बाजूंनी उपाय आहे. पहिली बाजू संस्था निवडण्याची. एकाच देणगीदारावर उभी असलेली संस्था आणि चार-पाच ठिकाणांहून निधी मिळवणारी संस्था, यांत दुसरी सुरक्षित. काही संस्था एक प्रकल्प संपला की चांगल्या माणसाला दुसऱ्या प्रकल्पात घेतात, काही घेत नाहीत. मुलाखतीतच विचारा की मागच्या पाच वर्षांत संपलेल्या प्रकल्पांतली माणसे आज कुठे आहेत. या एका प्रश्नाच्या उत्तरातून संस्थेचा स्वभाव कळतो.

दुसरी बाजू नेमणुकीच्या कागदाची. नेमणूकपत्र लेखी आहे का, त्यात मुदत आणि नोटिशीचा काळ आहे का, ते पाहा. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. संस्था समाजसेवा करते म्हणून तिला यातून सूट नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी. महिनाभर पूर्ण वेळ काम आणि कागदावर मात्र 'सल्लागार' किंवा 'मानधन' असे लिहिलेले असेल, तर पीएफ का नाही हे विचारायला संकोच करू नये. अनेक तरुण विचारत नाहीत, कारण सेवेच्या जागी हक्काची भाषा बोलणे त्यांना बरे वाटत नाही. पण जी संस्था गावात किमान वेतनासाठी आणि पेन्शनसाठी लोकांना संघटित करते, तिने आपल्या माणसाचा पीएफ भरावा, ही अपेक्षा अवाजवी कशी?

पगाराबद्दलही सरळ बोलू. तालुक्याच्या गावी सुरुवातीचा पगार तिथल्या इतर खासगी नोकऱ्यांच्या आसपास असू शकतो. फरक पुढे पडतो. अनुभव वाढतो तसा कंपनीतला पगार झपाट्याने वर जातो आणि संस्थेतला सावकाश. वरच्या जागाही कमी असतात. ज्याच्यावर मोठ्या कर्जाचा किंवा आजारपणाचा बोजा आहे, त्याने हे गणित घरच्यांबरोबर बसून मांडावे आणि मगच ठरवावे.

आता वाढीची वाट. एका संस्थेत गाव पातळीवरून तालुका, जिल्हा, मग कार्यक्रम व्यवस्थापक आणि संचालक असा क्रम असतो. पण या क्षेत्रात बरीचशी माणसे वर जाण्याबरोबर आडवीही जातात. संस्थेतून कंपनीच्या सीएसआर विभागात, तिथून एखाद्या निधी देणाऱ्या प्रतिष्ठानात, काहीजण 'उमेद' किंवा 'माविम'सारख्या सरकारी यंत्रणेत, काही युनिसेफसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेत, काही समाजकार्य महाविद्यालयात शिकवायला. प्रत्येक वळणावर विचारले जाते ते एकच, तुम्हाला नेमके काय येते? 'दहा वर्षे समाजकार्य' या उत्तराला किंमत कमी. 'वनहक्काचे सामूहिक दावे तालुक्यात मार्गी लावले', 'कुपोषित मुलांची नोंद ठेवण्याची पद्धत बसवली', 'तीन देणगीदारांचे हिशेब वेगवेगळे ठेवून वेळेवर खर्चाचे दाखले दिले', या उत्तरांना सगळीकडे मागणी आहे.

म्हणून तुमच्या भावाने दर वर्षी एक कौशल्य पक्के करावे. प्रस्ताव लिहिणे, माहितीचे विश्लेषण, अंदाजपत्रक, गटाची बैठक चालवणे, सरकारी कार्यालयातून काम करून आणणे, यांपैकी काहीही. बार्शीच्या वाचकांच्या मुलीला हे जास्त लागू आहे. परदेशी निधीचे बँक खाते आणि हिशेब वेगळे ठेवावे लागतात, सीएसआरचा खर्च प्रकल्पवार दाखवावा लागतो, धर्मादाय कार्यालयात दर वर्षी लेखापरीक्षित हिशेब द्यावे लागतात. हे सगळे नीट जाणणारा हिशेबनीस जिल्ह्याच्या ठिकाणी शोधून मिळत नाही. तिची मागणी दहा वर्षांनी वाढलेलीच असेल.

प्रश्न : नोकरी धरण्याआधी संस्था खरी आहे की नावापुरती, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : याला फार हुशारी लागत नाही, थोडी चिकाटी लागते. संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांचा न्यास क्रमांक बहुधा 'एफ' अक्षराने सुरू होतो. शेवटच्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. सार्वजनिक न्यासाला ते धर्मादाय कार्यालयात द्यावेच लागतात, तेव्हा ते दाखवायला अडचण नसावी. सीएसआर निधी घेत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी आहे का ते विचारा. २०२१ पासून ती सक्तीची आहे.

विश्वस्तांची यादी पाहा. सगळी आडनावे एकच असली म्हणजे संस्था वाईट, असे नाही. पण मग निर्णय कोण घेते आणि संस्थापकांना 'नाही' म्हणणारा कोणी आहे का, हे पाहण्याची गरज वाढते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. वर्षानुवर्षे तो प्रलंबित असेल तर आत वाद आहे असे समजा. वादात अडकलेल्या संस्थेत बँकेचे व्यवहार थांबतात आणि पगारही.

शेवटी, पगार म्हणून ठरावीक रक्कम देऊन त्यातला काही भाग 'देणगी' म्हणून परत मागणारी संस्था दिसली तर तिथून लगेच निघावे. तो गैरव्यवहार आहे. तुमच्या सहीमुळे तुम्हीही त्यात ओढले जाता.

प्रश्न : बँकेतली पंचवीस वर्षांची नोकरी सोडून समाजकार्य करायचे आहे. दुसऱ्याच्या हाताखाली आता नको वाटते. स्वतःची संस्था काढावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काढता येईल. सात माणसे जमली की संस्था नोंदता येते. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. सीएसआर निधीसाठी नव्या संस्थेकडे साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव मागितला जातो. परदेशी निधीच्या नोंदणीसाठीही तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणजे पहिली तीन वर्षे स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या पैशावर. त्या काळात कागदपत्रे, ऑडिट आणि नूतनीकरणातच तुमचा बराच वेळ जाईल. ज्या कामासाठी नोकरी सोडली ते बाजूला राहील.

त्याऐवजी मी तुम्हाला एक वेगळा विचार सुचवतो. महाराष्ट्रात संस्थापकांची नावे लोकांना तोंडपाठ असतात. आनंदवन म्हटले की बाबा आमटे, रयत म्हटले की कर्मवीर भाऊराव. ते योग्यच आहे. पण आज जिल्ह्याजिल्ह्यांतल्या चांगल्या संस्थांना भेडसावणारा प्रश्न संस्थापकांचा नाही, दुसऱ्या फळीचा आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तरुणपणी काम सुरू करणारी माणसे आता सत्तरीच्या आसपास आहेत. काम उभे आहे, लोकांचा विश्वास आहे, पण कारभार हातात घेणारी, हिशेब, कायदा आणि माणसे सांभाळणारी मधल्या वयाची मंडळी कमी आहेत. ती कमी असण्याचे एक मोठे कारण हे, की आपण त्यांना नीट पगार देणे कमीपणाचे मानले. त्यागावर संस्था सुरू होते, पण पुढची पिढी टिकवायला घरखर्च भागेल असा पगार आणि कामाचा मान लागतो.

पंचवीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कर्ज, व्याज, तारण, लेखापरीक्षण हे सगळे येते. बचत गटांच्या कर्जाचे काम करणाऱ्या किंवा शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या उभ्या करणाऱ्या एखाद्या संस्थेत तुम्ही सहा महिने काम करून पाहा. वाजवी पगार मागा आणि घ्या, म्हणजे तुमच्याकडूनही पूर्ण कामाची अपेक्षा करता येईल. पुढे तरीही वाटले की एखाद्या गावी एखादे काम कोणीच करत नाही आणि ते तुम्हालाच केले पाहिजे, तर जरूर संस्था काढा. तेव्हा तुम्हाला सात सभासद शोधावे लागणार नाहीत, ते कामातूनच जमलेले असतील.